मुलं म्हणजे मुलगे की अपत्यं? – बारावी जीवशास्त्रातले अडलेले प्रश्न

सायली_औसा
नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकले, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. त्यामुळे प्रश्न वहीत उतरवून घेते आणि त्याखाली पेन्सिलीने मराठीत लिहिते, मग सोडवते. दीड वर्ष असंच चाललंय आणि त्याचा फायदाही झालाय.

रविवारी क्लासच्या टेस्टमध्ये एक प्रश्न होता. माझ्या वहीत तो असा आहे: ‘एका बाईचे वडील रंगांध, तिची स्वतःची दृष्टी सामान्य. तिचं लग्न सामान्य दृष्टीच्या माणसाशी झालं. त्यांची मुलं रंगांध असण्याची शक्यता किती?’

मी ५० टक्क्यांवर खूण केली. आन्सर की म्हणते २५. चार गेले आणि वर एक वजा, म्हणजे पाच गुणांचा फरक. सरांना विचारलं तर म्हणाले, चौकोन (आईवडिलांच्या जनुकांच्या जोड्यांचा तक्ता) काढ, दिसेल. चौकोन तीनदा काढला. दर वेळी निम्मी मुलं रंगांध येतात. माझं कुठे चुकतंय?

धागा माझ्या एकटीच्या प्रश्नापुरता नको. तुमचंही जे अडलंय ते इथे टाका. फक्त एक विनंती आहे. उत्तर देताना तिथपर्यंत कसे पोहोचलात तेही लिहा. नुसतं ‘पर्याय ३’ वाचून मला काहीच कळत नाही.

ओंकार_अकरावी
माझंही ५० आलं! आन्सर की चुकली असणार.

रोहन_रिपीटर
की बरोबर आहे. वाहक आई (जनुक आहे, पण स्वतः रंगांध नाही), सामान्य बाप म्हणजे २५. पाठ करून टाक आणि पुढे जा. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, त्यातले ९० बायोलॉजीचे. फिजिक्सला वेळ उरवायचा तर बायोचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला पाहिजे. तिथे कोण चौकोन काढत बसणार?

आदिती_एमबीबीएस
सायली, तुझा चौकोन बरोबरच असणार. आपण एकदा इथे मांडून बघू. बिघडलेलं जनुक ज्या एक्स गुणसूत्रावर आहे त्याला मी चांदणी देते.

बाईचे वडील रंगांध, म्हणजे त्यांच्याकडे एकच एक्स आणि तोही चांदणीचा. मुलीला त्यांनी तोच दिला, दुसरा त्यांच्याकडे नव्हताच. ती स्वतः रंगांध नाही, म्हणजे आईकडून चांगला एक्स आला. म्हणून ती वाहक.

आई: एक्स, एक्स*
वडील: एक्स, वाय

एक्स एक्स – मुलगी, सामान्य
एक्स एक्स* – मुलगी, वाहक पण दृष्टी सामान्य
एक्स वाय – मुलगा, सामान्य
एक्स* वाय – मुलगा, रंगांध

आता सांग, शेवटच्या खान्याला तू कितीने भागलंस? चारने की दोनने?

आणि इंग्रजी प्रश्नात नेमका शब्द काय होता?

सायली_औसा
आत्ता पेपर काढून बघितला. शब्द ‘चिल्ड्रन’ आहे.

मी खाली ‘मुलं’ लिहिलं. सोडवताना वरची इंग्रजी ओळ परत वाचलीच नाही, माझी पेन्सिलीची ओळ वाचली आणि ‘मुलं’ म्हणजे मुलगे धरले. दोन मुलग्यांपैकी एक रंगांध म्हणून ५० टक्के. चारही खाने घेतले तर २५.

म्हणजे जीवशास्त्र येत होतं.

आरवची_आई
अगं, तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. शाळेच्या दारावर काय लिहिलेलं असतं? ‘जिल्हा परिषद मुलांची शाळा’, शेजारी ‘मुलींची शाळा’. वर्गात ‘मुलं या बाजूला, मुली त्या बाजूला’. आणि घरी कुणी विचारलं, ‘तुम्हाला मुलं किती?’ की आपण सांगतो, ‘दोन, एक मुलगा, एक मुलगी.’ एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि बोलताना कुणाचं अडत नाही. गणितात मात्र अडतं.

मूल या शब्दाचं अनेकवचन मुले, मुलगा या शब्दाचं मुलगे. मुलगे हा शब्द आता बोलण्यात फारसा राहिलेला नाही, म्हणून ही पंचाईत. तू वहीत ‘अपत्यं’ लिहीत जा. मुलगे असतील तिथे ‘मुलगे’च लिही, कानाला जुनाट लागलं तरी.

सायली_औसा
हे इतकं साधं आहे, आणि दीड वर्षात लक्षात आलं नाही. आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: चिल्ड्रन = अपत्यं, सन्स = मुलगे. धन्यवाद काकू.

तुरा_कणीस
रोहनदादा, ‘२५ पाठ कर’ म्हणालास म्हणून विचारतो. हाच प्रश्न ‘मुलींपैकी किती रंगांध’ असा आला तर? उत्तर शून्य. ‘रंगांध अपत्य मुलगा असण्याची शक्यता’ विचारली तर? शंभर टक्के. आणि आईच रंगांध, बाप सामान्य असं दिलं तर सगळेच्या सगळे मुलगे रंगांध, म्हणजे अपत्यांपैकी ५०. नुसतं २५ पाठ केलं तर या तिन्हीत अडकायला होईल.

रोहन_रिपीटर
मान्य. पण माझं म्हणणंही ऐक. मागच्या वर्षी मी प्रत्येक प्रश्न मुळापासून सोडवत बसलो. बायोचे शेवटचे चौदा प्रश्न वाचायलाही मिळाले नाहीत. येत असलेले प्रश्न राहिले. यंदा पुन्हा लातूरला खोली घेऊन राहतोय, घरच्यांनी दुसऱ्यांदा फी भरलीय. समजून घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. ते आत्ता, सरावाच्या दिवसांत करायचं. पेपरात हात आपोआप चालला पाहिजे.

सुनंदाताई
रोहनचं बरोबर आहे आणि सायलीचंही. मी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले. दोन्ही परीक्षांना वेगळा हात लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० चं. लेखीत बहुपर्यायी प्रश्नांना फक्त १० गुण. बाकी सगळं लिहून दाखवायचं: एका गुणाचे आठ, दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. इथे रंगांधतेचा प्रश्न तीन गुणांना आला आणि मुलाने नुसतं ‘२५ टक्के’ लिहिलं, तर मी त्याला तीन गुण कशाचे देऊ? आईवडिलांची जनुकरचना, त्यांची युग्मकं, चौकोन आणि शेवटी वाक्यात उत्तर, या पायऱ्यांना गुण असतात. शेवटचा आकडा चुकला तरी वरच्या पायऱ्यांचे गुण कुणी काढून घेत नाही. पेपर तपासताना मला सगळ्यात वाईट वाटायचं ते कोऱ्या जागेचं. शेजारी पेन्सिलीने काढून खोडलेला चौकोन दिसायचा, अगदी बरोबर असलेला, आणि उत्तराच्या जागी काहीच नाही. मुलांना वाटतं तो कच्चा हिशोब आहे. अरे, तोच तर पक्का आहे.

नीटबद्दल एक गोष्ट. मराठी निवडलं तर प्रश्नपुस्तिकेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही छापलेलं असतं, आणि अर्थात फरक वाटला तर इंग्रजी ग्राह्य. म्हणून मराठीत वाचा, समजून घ्या, पण खूण करण्याआधी इंग्रजीतला प्रश्नार्थक भाग एकदा बघा. पूर्ण प्रश्न वाचायला नको, शेवटची ओळ पुरते.

आणि सायली, वर्गात मी फळ्याच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहून ठेवायचे: ‘कशापैकी?’ शक्यता विचारली की आधी त्याचं उत्तर द्यायचं, मग आकड्याला हात लावायचा.

ओंकार_अकरावी
‘कशापैकी?’ लिहून घेतलं.

मॅडम, माझा प्रश्न. गव्हाचे १०० दाणे तयार व्हायला मायोसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) किती वेळा व्हावं लागेल? मी १०० म्हणालो. मित्र २०० म्हणतो. पर्यायात १२५ आहे आणि तेच बरोबर दिलंय. हे सव्वाशे आले कुठून?

तुरा_कणीस
हा माझा आवडता प्रश्न आहे, मी सांगतो.

एक दाणा म्हणजे एक बीजांड आणि एक परागकण. आता दोन्हीकडचा हिशोब वेगळा ठेव.

मादीकडे: एका मातृपेशीचं मायोसिस झालं की चार पेशी होतात, पण तीन मरतात, एकच जगते आणि तिचा भ्रूणकोश होतो. म्हणून १०० दाण्यांना १०० मायोसिस.

नराकडे: एका मातृपेशीपासून चार परागकण होतात आणि चारही कामाचे असतात. १०० परागकणांना २५ मायोसिस.

१०० आणि २५, सव्वाशे.

तुझा मित्र बहुधा असा विचार करतोय की एका परागकणात दोन नरयुग्मकं असतात, मग त्याचा काही हिशोब लागतो का? लागत नाही. त्यातलं एक अंडपेशीला मिळतं आणि दुसरं मधल्या ध्रुवीय केंद्रकांना, दोन्ही त्याच दाण्यात खर्ची पडतात. दुहेरी फलन म्हणतात ते हेच.

रोहन_रिपीटर
याची अर्ध्या मिनिटाची युक्ती: दाणे अधिक दाण्यांचा चौथा हिस्सा. ४० दाणे तर ५०. ८० तर १००. पण कारण वर दिलंय तेच, आधी ते वाच. (बघा, सुधारलो की नाही!)

ओंकार_अकरावी
कळलं!! चारपैकी तीन मरतात हे वाचलं होतं, पण त्याचा हिशोबात उपयोग असतो हे माहीत नव्हतं.

सुनंदाताई
तुरा_कणीस, फार नेटकं सांगितलंस. कुठे शिकतोस?

तुरा_कणीस
जालना जिल्ह्यात, तालुक्याच्या कॉलेजात. घरी शेती आहे, मक्याचे सीड प्लॉट करतो. परागणाचा धडा मला शेतातच कळला.

मक्याला वर तुरा येतो तो नर आणि मधे कणीस येतं ते मादी. कणसाच्या टोकाला ज्या रेशमासारख्या मिशा लोंबतात, त्यातली एकेक मिशी एकेका दाण्याची. परागकण मिशीवर पडला की त्याची नलिका मिशीतून खाली उतरत दाण्यापर्यंत जाते. ज्या मिशीवर परागकण पडला नाही, त्या जागचा दाणा भरत नाही. तुम्ही कधी अर्धवट भरलेलं कणीस सोललं असेल तर ते बोळकं आठवा. त्या जागी फलन झालं नाही.

संकरित बियाण्यासाठी आम्ही नराच्या ओळी आणि मादीच्या ओळी वेगळ्या लावतो. मादीच्या ओळीतला तुरा फुटायच्या आत खुडायचा. पहाटेच निघावं लागतं, पानं कापतात म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. एखादा तुरा राहिला तर त्याचे परागकण शेजारच्या मादीवर पडतात आणि बियाणं भेसळ होतं, कंपनी प्लॉट नाकारते. एकदा आमचा असा गेला होता.

म्हणून परीक्षेत ‘मक्यात ऑटोगॅमी टळते पण गायटोनोगॅमी टळत नाही’ हे वाक्य आलं की मला पाठ करावं लागत नाही. नर आणि मादी फुलं वेगळी, म्हणून एकाच फुलातलं परागण शक्य नाही. पण दोन्ही एकाच झाडावर आहेत, तुऱ्यातले परागकण त्याच झाडाच्या कणसावर पडू शकतात. देशी पपईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, तिथे दोन्ही टळतात.

आरवची_आई
कणसाच्या मिशा मी जन्मभर सोलून टाकत आले. एक मिशी, एक दाणा! उद्या आरवला कणीस हातात देऊनच दाखवते.

आदिती_एमबीबीएस
याच धड्यातली एक चूक बरेच जण करतात. नराचा भाग काढून टाकण्याला इमॅस्क्युलेशन म्हणतात आणि ते द्विलिंगी फुलात करावं लागतं, कळी उमलायच्या आत, चिमट्याने पुंकेसर काढून. फूल आधीच एकलिंगी मादी असेल तर काढायला काही नसतंच, फक्त पिशवी बांधायची. ‘एकलिंगी फुलात इमॅस्क्युलेशनची गरज नाही’ हे विधान चूक की बरोबर, अशा रूपात प्रश्न येतो.

मँचेस्टरकर
मुलगी इथे ए-लेव्हल बायोलॉजी करतेय म्हणून धागा वाचत होतो. रंगांधतेचा आणि मक्याचा, दोन्ही प्रश्न तिच्याही पुस्तकात आहेत, फक्त मक्यावर काय-वर्ग चाचणी (मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी जुळतात का ते बघणारी) लावायला सांगतात. इथे परीक्षा मंडळं जुन्या पेपरांसोबत गुणदानाची योजनाही जाहीर करतात, कोणत्या शब्दाला गुण आणि कोणत्याला नाही ते त्यात छापलेलं असतं. मुलं आपापसात पेपर सोडवून एकमेकांचे तपासतात. सुनंदाताईंनी वर पायऱ्यांचं लिहिलं ते वाचून तेच आठवलं. तुमच्यापैकी दोघातिघांनी एकमेकांची उत्तरं तपासून बघा, दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपली चूक फार लवकर दिसते.

सुनंदाताई
अगदी खरं. आणि सरावाला अवघड प्रश्न हवे असतील तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जीवशास्त्र ऑलिंपियाडचे जुने पेपर आहेत, मोफत. २००८ साली आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड आपल्या मुंबईत झालं होतं. ते प्रश्न नीटपेक्षा वेगळे असतात, आलेख आणि प्रयोग देऊन विचार करायला लावतात. आठवड्याला एक सोडवला तरी पुष्कळ.

विनय_कॉलेजचा
घटक चाचणी उद्या आहे. पेपर दुसऱ्या तुकडीचा आज झाला, फोटो मिळालाय. टाकू का? उत्तरं सांगाल का?

सायली_औसा
नको, टाकू नकोस. उद्याची चाचणी झाल्यावर टाक, मग सगळे मिळून सोडवू. धडा कोणता आहे ते सांग, त्यातलं काय अडलंय ते आज रात्री विचार. मी अकरापर्यंत आहे.

विनय_कॉलेजचा
बरं. धडा ४, वारशाचा रेणवीय आधार. चारगाफचा नियम, म्हणजे ॲडेनीन तितकंच थायमीन आणि सायटोसीन तितकंच ग्वानीन. एका डीएनएमध्ये सायटोसीन २० टक्के तर ॲडेनीन किती, हे येतं, ३० टक्के. पण दुसऱ्या एका प्रश्नात ॲडेनीन २५, थायमीन ३३, असं दिलं होतं. दोन्ही सारखे पाहिजेत ना? प्रश्न छापायला चुकलाय का?

आदिती_एमबीबीएस
चुकलेला नाही, तोच तर प्रश्न आहे. ॲडेनीन बरोबर थायमीन हा नियम दुपदरी डीएनएचा, कारण समोरासमोर जोडी लागते. जोडी जमत नाही याचा अर्थ डीएनए एकपदरी आहे. काही विषाणूंत तसा असतो, फाय-एक्स १७४ हे पुस्तकातलं उदाहरण, ५३८६ न्यूक्लिओटाइडं. आकडे जुळले नाहीत की आधी विचार, हा नियम इथे लागू होतो का?

विनय_कॉलेजचा
एकपदरी! हे डोक्यातच आलं नाही. थँक्यू ताई. फोटो डिलीट केला.

ओंकार_अकरावी
अवांतर: प्रोफेज-१ च्या (मायोसिसचा पहिला टप्पा) पायऱ्या कुणाला लक्षात राहतात का? लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. माझा क्रम रोज बदलतो.

तुरा_कणीस
‘लेझीम पाहून डोलतोय दादा.’ ले, झी, पा, डो, दा. दोन ड मधला ‘लो’ ज्यात ऐकू येतो ते आधी: डोल, डिप्लो.

ओंकार_अकरावी
आता परीक्षेत लेझीमच ऐकू येणार 😄

आरवची_आई
डोलणारा दादा मला आता जन्मभर दिसणार!

रोहन_रिपीटर
रक्तगटाचा एक प्रश्न घ्या. आईचा रक्तगट एबी, वडिलांचा ओ. अपत्याचा रक्तगट तपासणीत ओ आला. आईवडील तेच आहेत हे नक्की. कसं शक्य आहे? मला येतं, तुम्ही सांगा. मी पण वाट विचारणार, नुसतं नाव नको.

सायली_औसा
प्रयत्न करते. एबी आई एकतर ए देणार नाहीतर बी. ओ वडील काहीच देणार नाहीत. म्हणून अपत्य ए किंवा बी व्हायला हवं, ओ होऊच शकत नाही. झालंय, म्हणजे ए किंवा बी जनुक आहे पण दिसत नाहीये. बॉम्बे रक्तगट?

रोहन_रिपीटर
बरोबर! का दिसत नाही?

सायली_औसा
ए आणि बी हे एच नावाच्या पायावर बांधले जातात. दोन्हीकडून एचचं अप्रभावी जनुक आलं तर पायाच तयार होत नाही. मग ए असो नाहीतर बी, चढवायचं कशावर? तपासणीत ओ सारखं दिसतं. आई एबी दिसते म्हणजे तिच्याकडे एक तरी चांगला एच आहे, पण दुसरा अप्रभावी असणार, आणि वडिलांकडेही तो असणार.

सुनंदाताई
शाबास. हा रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नोंदवला, म्हणून जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव बॉम्बे. या व्यक्तींना साधं ओ रक्तही चालत नाही, कारण ओ च्या पेशींवर एच असतो आणि यांच्या शरीरात एचविरोधी प्रतिद्रव्यं असतात. बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. परीक्षेत एका जनुकाने दुसऱ्याला झाकण्याचं उदाहरण म्हणून लिहा, पण ते खऱ्या माणसांच्या जिवाशी जोडलेलं आहे हेही लक्षात असू द्या.

सातपुड्याकडचा
पहिल्यांदाच लिहितोय. नंदुरबार जिल्ह्यातला आहे, बारावी सायन्स. सायलीच्या प्रश्नावरून विचारायचं आहे, पण माझा प्रश्न पुस्तकातला नाही.

आमच्याकडे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) खूप आहे. माझ्या आत्याच्या चार लेकरांपैकी दोघांना आहे. थंडीत सांधे धरतात, रात्र रात्र रडतात, दवाखान्यात सलाईन लावून ठेवतात. तपासणीच्या वेळी सांगितलं होतं की आत्या आणि मामा (आत्याचे यजमान) दोघं वाहक आहेत, ‘चारात एक’ आजारी होऊ शकतं. पहिलं लेकरू आजारी निघालं, तेव्हा घरचे म्हणाले, झालं, आता पुढची तीन चांगली होतील. तिसरंही आजारी निघालं. मग लोक आत्याला बोलायला लागले. डॉक्टरनी तर चारात एक सांगितलं होतं, मग दोन कशी?

मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं, पण घरी नीट सांगता येत नाही.

आदिती_एमबीबीएस
तू इथे लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

‘चारात एक’ ही वाटणी नाही. चार लेकरांत एक आजारी मोजून मिळतं असं नाही. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. आईकडून दोनपैकी एक चिठ्ठी, वडिलांकडून दोनपैकी एक. पहिल्या वेळी काय निघालं ते दुसऱ्या वेळी चिठ्ठ्यांना माहीत नसतं. म्हणून दर वेळी शक्यता तीच, चारात एक. चारही निरोगी होऊ शकतात, दोन आजारी होऊ शकतात, क्वचित चारही आजारी होऊ शकतात.

घरी सांगताना आकडा बाजूला ठेव. दोन वाट्या घे. प्रत्येक वाटीत एक पांढरा आणि एक लाल मणी टाक. एक वाटी आत्याची, एक मामांची. डोळे मिटून दोन्हीतून एकेक काढायला सांग. दोन्ही लाल आले तर आजार. मणी परत टाकून पुन्हा काढायचे. घरातल्या चारपाच जणांनी काढून बघितलं की कळेल, कुणाला लागोपाठ दोनदा लाल-लाल येतील, कुणाला एकदाही नाही. आणि दोन्ही वाट्या लागतात, एकट्या आत्याच्या वाटीतून आजार निघतच नाही. हे मामांसमोर दाखव.

सातपुड्याकडचा
मणी घरात आहेत, आजीच्या माळेचे. आज संध्याकाळी करतो.

सुनंदाताई
बाळा, तुझ्या आत्याला कुणी बोलत असेल तर हेही सांग की हा बदल किती बारीक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. तीन अक्षरी संकेतात जीएजीचं जीयूजी होतं, एक अक्षर. त्यात कुणाचाही दोष नसतो. आणि वाहक माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकलं.

२०२३ पासून देशभर सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरातल्या लग्नाच्या वयाच्या सगळ्यांची करून घ्या.

सातपुड्याकडचा
तेच विचारायचं होतं. आत्याची मोठी मुलगी, माझी ताई, निरोगी आहे. तिचं लग्न ठरतंय. ती वाहक असण्याची शक्यता किती? मी ५० काढली. पुस्तकात वाहक चारात दोन.

ओंकार_अकरावी
कशापैकी?

सायली_औसा
थांबा, मला करू द्या.

ए म्हणजे चांगलं जनुक, एस म्हणजे सिकलचं. आई एएस, वडील एएस. चार खाने: एए, एएस, एएस, एसएस. ताई निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणजे एसएसचा खाना तिच्यासाठी उरलाच नाही, तो खोडायचा. उरले तीन. त्यातले दोन एएस. म्हणून दोन तृतीयांश, सुमारे ६७ टक्के. ५० नाही.

माझ्या प्रश्नात मी चारऐवजी दोनने भागलं होतं. इथे चारऐवजी तीनने भागायचं. बरोबर आहे ना, ताई?

आदिती_एमबीबीएस
अगदी बरोबर. हाच प्रश्न वंशवृक्ष काढून परीक्षेत विचारतात आणि बहुतेक जण ५० लिहितात.

पण सातपुड्याकडच्या भावा, तुझ्या ताईसाठी दोन तृतीयांशावर थांबायचं नाही. ती वाहक आहे किंवा नाही, हे रक्ताच्या तपासणीत नक्की कळतं. आधी विद्राव्यता चाचणी होते, तिच्यात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात, त्यात एएस की एसएस ते कळतं. आणि होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. ती वाहक निघाली आणि तो नसेल, तर त्यांच्या कुठल्याच अपत्याला आजार होणार नाही. लग्न मोडायचं काहीच कारण नाही, हे घरी आधी सांग, मग तपासणीचं सांग.

रोहन_रिपीटर
भावा, मी अर्ध्या मिनिटात ५० वर खूण केली असती. वही काढून चारही खाने लिहिले आत्ता.

सातपुड्याकडचा
मणी झाले. मामांनी पाच वेळा काढले, दोनदा लाल-लाल आले, लागोपाठ. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आजीने काढले, तिला एकदाही नाही. आत्या रडली, पण नंतर तीच शेजारच्या काकूंना दाखवत बसली होती.

ताई आणि तिचा होणारा नवरा, दोघं सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जाणार आहेत. मी सोबत जातोय.

सायली_औसा
रिपोर्ट आला की ताईला विचारून मगच इथे सांग, तिला चालणार असेल तरच.

आणि बोर्डाला धडा ३ आणि ४ मधला कुठलाही प्रश्न अडला तर मला टाक. मी रोज रात्री नऊ ते अकरा असते.

सातपुड्याकडचा
टाकतो. लॅक ओपेरॉन (जिवाणूतला लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांचा गट) अजिबात कळलेलं नाही. ‘आय’ जनुकातला आय म्हणजे इंड्यूसर ना?

तुरा_कणीस
नाही, इनहिबिटर. सगळे तिथेच फसतात. बस, चहा घेऊन येतो आणि सांगतो.